मातृभाषेतून आभार

अपघातानंतर सात महिन्यांनी रुचिता सरनोबत कामावर हजर झाली, तेव्हा तिने साहेबांकडे चार गोष्टी मागितल्या. आवाजापासून दूर, दार लावता येईल अशी खोली. काम तोंडी न सांगता कागदावर लिहून मिळावं. एका वेळी एकच काम द्यावं. आणि दुपारी वीस मिनिटं डोळे मिटून पडू द्यावं. या चारांपैकी एकीलाही सिमेंट लागत नव्हतं, पण साहेबांनी तिला दिलं ते सिमेंटच.

रुचिता मूळची सांगलीची. नवरा अभिजित बँकेत अधिकारी, त्याच्या बदलीबरोबर जयपूरला आली आणि दुर्गापुऱ्यात घर घेऊन तिथलीच झाली. ती स्वतः केंद्र सरकारच्या एका आकडेवारी गोळा करणाऱ्या कार्यालयात होती. गावोगावची माणसं घरोघर जाऊन फॉर्म भरून आणतात, किती जण राहतात, काय खातात, काय नेसतात. ते फॉर्म तपासायचं काम तिचं. सतरा वर्षं तिने ते केलं आणि तिच्या हातून चूक निसटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. घरात माणसं तीन आणि महिन्याचं मीठ अकरा किलो, असं काही दिसलं की ती पेन्सिलीने गोल करायची आणि म्हणायची, "हा फॉर्म त्या घरात भरलेलाच नाही. हा चहाच्या टपरीवर भरलाय." चौकशी केली की तसंच निघायचं. ऑफिसात तिला 'छलनी मॅडम' म्हणत. चाळणी. तिला ते नाव आवडायचं.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी ती स्कूटरवरून घरी येत होती. संक्रांत दोन दिवसांवर. पुलावर आडवा आलेला मांजा तिला दिसला नाही, गळ्याशी लागला तेव्हा कळला. मफलर होता म्हणून गळा वाचला. पण तिने दोन्ही ब्रेक दाबले, स्कूटर घसरली, आणि पट्टा न लावलेलं हेल्मेट एकीकडे अन् ती दुसरीकडे. डोकं दुभाजकावर आपटलं. अकरा दिवस तिला शुद्ध नव्हती.

बरी झाली तेव्हा पाहणाऱ्याला काहीच कळत नसे. चालायची नीट, बोलायची नीट, केसांत लपलेला एक व्रण सोडला तर खूण नाही. बिघाड आत होता. पूर्वी कान आपोआप निवड करायचे, हवं ते ऐकायचं, नको ते मागे सारायचं. आता कूलर, फोन, खुर्चीचं सरकणं, समोरच्याचं बोलणं, सगळं एकाच उंचीवरून अंगावर यायचं. कुणी एकदम दोन कामं सांगितली की दुसरं ऐकताना पहिलं पुसलं जायचं. आणि फार थकली की हिंदी जायची. वीस वर्षं बोललेली हिंदी, दिवा मालवल्यासारखी. मराठी मात्र राहायची, तीही लहानपणीची, सांगलीच्या गल्लीतली.

साहेबांचं नाव सोगानी. हात जोडून बोलायची सवय असलेला, गोरागोमटा, पन्नाशीचा माणूस. तिचा अर्ज त्यांनी वाचला, चष्मा काढला आणि तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"मैडम, आप तो बिल्कुल ठीक लग रही हैं।"

"लगती हूँ, सर. डॉक्टर का कागज़ लगाया है. आवाज़ में मुझे..."

"आवाज तो सबको होती है।" ते हसले. "आप काम शुरू कीजिए, देखते हैं।"

तिने काम सुरू केलं. बावीस माणसांचा हॉल, चार कूलर. अकरा वाजता डोक्यात हातोडे पडायला लागायचे, एक वाजता अक्षरं हलायची. जेवणाच्या सुट्टीत ती बायकांच्या स्वच्छतागृहात दार लावून उभी राहायची, कारण सबंध इमारतीत तेवढं एकच दार तिला लावता येत होतं. तिथल्या वासात, भिंतीला कपाळ टेकून, वीस मिनिटं. घरी आली की अभिजितशी बोलायलाही शब्द शिल्लक नसत. फॉर्म मात्र अजून तिला कळत होते. सकाळच्या पहिल्या दोन तासांत, हॉल भरायच्या आधी, ती पूर्वीसारखीच गोल करायची.

ऑक्टोबरात दिल्लीहून पत्रक आलं. तीन डिसेंबरला अपंग दिन. त्याआधी प्रत्येक कार्यालयाने अपंग कर्मचाऱ्यांसाठी काय केलं ते फोटोंसकट कळवावं, आणि उत्तम काम असेल तिथे वरिष्ठ जातीने येतील. दुसऱ्या दिवशी सोगानींनी रुचिताला बोलावलं. टेबलावर नकाशा पसरलेला.

"मैडम, आपके लिए बहुत बड़ा काम कर रहे हैं। रैंप बन रहा है। ग्रेनाइट का।"

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. हल्ली तसं होत असे. "रैंप? सर, मैं तो सीढ़ी चढ़ लेती हूँ।"

"आज चढ़ लेती हैं। कल का किसको पता?"

"मला खोली हवी होती, सर. कमरा. शांत."

"वो भी देखेंगे। पहले ये हो जाए।"

ज्याला उताराची खरोखर गरज होती तो माणूस त्याच ऑफिसात होता. गिर्राज बैरवा, आवक-जावक बघणारा कारकून. लहानपणी पोलिओ झालेला, दोन्ही काखांत कुबड्या. दाराशी सात पायऱ्या होत्या. रोज सकाळी तो कुबड्या वरच्या पायरीवर टाकायचा, मग बसून, हातांच्या जोरावर, मागे सरकत एकेक पायरी चढायचा. पँटचं बूड दर दोन महिन्यांनी फाटायचं. गेली नऊ वर्षं दर एप्रिलमध्ये तो उतारासाठी अर्ज देत होता. नऊ अर्जांच्या पोचपावत्या त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या होत्या.

"आपके नाम पर बन तो रहा है, मैडम," तो रुचिताला म्हणाला. "भगवान ने आपको मेरे लिए गिराया।" आणि आपण काय बोललो हे ध्यानात येऊन त्याने जीभ चावली. रुचिता अपघातानंतर पहिल्यांदा ऑफिसात हसली.

काम तीन आठवडे चाललं. तिची खिडकी नेमकी दारावर होती. सकाळी दहापासून ग्रॅनाइट कापायचं यंत्र. तो आवाज कानांतून जात नव्हता, दातांतून जात होता. चौथ्या दिवशी ती फॉर्मवरच ओकली. शेजारच्या बाईंनी नाकाला पदर लावला आणि खुर्ची सरकवली. रुचिताने स्वतःच फडकं आणलं, टेबल पुसलं, ओले फॉर्म वाळत घातले. सोगानींकडे गेली आणि निदान हे तीन आठवडे घरून काम करू द्या म्हणाली.

"मैडम, आपके ही लिए तो बन रहा है," ते म्हणाले, दुखावल्यासारखे. "थोड़ा सहयोग तो आप भी कीजिए।"

उतार तयार झाला. चकचकीत काळा, आरशासारखा, बाजूला स्टीलचे कठडे. जागा कमी होती म्हणून छोटा केलेला, आणि छोटा केल्यामुळे इतका उभा की बागेतल्या घसरगुंडीची आठवण व्हावी. गिर्राजने पहिल्याच संध्याकाळी कुबडीचं टोक त्यावर टेकवून पाहिलं. ते सरकलं. दुसऱ्या दिवशी पायऱ्यांनीच वर आला.

तीन डिसेंबरला मांडव पडला. झेंडूच्या माळा, नगारा, लाउडस्पीकर. कुटुंबीयांनाही बोलावलं होतं. अभिजितला रजा मिळाली नाही, दहावीतली मुलगी अनुया शाळेच्या गणवेशातच आली आणि आईचा हात धरून उभी राहिली. दिल्लीहून येणाऱ्या वरिष्ठ बाईसाहेबांना वेळ होता, तेवढ्यात व्हिडिओवाला म्हणाला, कुणीतरी उतारावरून जाताना दाखवायला हवं. सोगानींनी गिर्राजला हाक मारली.

"सर, फिसलता है," गिर्राज म्हणाला.

"अरे, रेलिंग पकड़ना। दो मिनट की बात है।"

गिर्राज चढला. अर्ध्यापर्यंत गेला. व्हिडिओवाला म्हणाला, साहेब, ऊन तोंडावर येतंय, पुन्हा एकदा, खालपासून. दुसऱ्या खेपेला कुबडी निसटली आणि तो हनुवटीवर पडला. नगारा थांबला नाही, कारण नगारेवाल्याला दिसलंच नव्हतं. दोघांनी त्याला उचलून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. काळ्या दगडावर रक्त होतं. गेटवरून कुणीतरी ओरडलं, गाडी आली. सोगानींनी इकडेतिकडे पाहिलं, उद्घाटनासाठी झाकून ठेवलेल्या कोनशिलेवरचा लाल मखमलीचा पडदा ओढला, दगड पुसून घेतला, पडदा झटकला आणि पुन्हा कोनशिलेवर टाकला. लाल मखमलीवर रक्त दिसत नाही.

रुचिताने ते पाहिलं. पाच हातांवर उभी होती ती. तिच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

बाईसाहेब आल्या, पडदा सरला, टाळ्या झाल्या. रुचिताच्या अंगावर शाल आली, हातात नारळ आणि मोठ्या अक्षरांत छापलेला कागद. "बस चार लाइन, मैडम," सोगानी कानाशी कुजबुजले. कागदावर होतं की हे कार्यालय माझं कुटुंब आहे आणि सोगानी सर पित्यासमान. ती माइकसमोर गेली. लाउडस्पीकर घुमत होता, नगारा अजून डोक्यात वाजत होता, आणि समोर, गर्दीच्या कडेला, गिर्राज हनुवटीला रुमाल लावून बसला होता. रुमालाचा रंग बदलत होता.

तिने कागदाकडे पाहिलं. अक्षरं होती, पण ती काय म्हणतात ते कळेना. हिंदी गेली होती. सगळीच्या सगळी.

मग ती मराठीत बोलली. दोन्ही हात तिने एकमेकांत घट्ट धरले होते.

"मी काय मागितलं होतं तुमच्याकडं? एक दार मागितलं होतं. लावून घ्यायला एक दार. कागदावर चार ओळी लिहून देत जा म्हटलं होतं. आणि तुम्ही तीन आठवडे माझ्या टाळक्यात कटर फिरवला. हा माणूस नऊ वर्षं ढुंगण घासत वर येतोय, त्याला आज फोटोपायी तोंडावर पाडला, आणि ज्या फडक्यानं त्याचं रगात पुसलं त्याचाच पडदा केला. शिसारी येते मला. तुम्हा सगळ्यांची किळस येते. ही शाल अंगावर पाल पडल्यावाणी वाटतीय."

डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आवाज फाटला होता. 

मग बाईसाहेब उठल्या. त्यांनी रुचिताला मिठी मारली. त्यांचे डोळेही ओले झाले होते. "अपनी मातृभाषा में बोलीं," त्या माइकवर म्हणाल्या. "भाषा समझ में नहीं आई, पर भाव समझ में आ गया।" सबंध मांडव उठून टाळ्या वाजवू लागला. सोगानींनी सर्वांत जास्त वाजवल्या. रुचिता जोडलेल्या हातांनी उभी होती आणि फोटोत ते हात आभारासाठी जोडल्यासारखे दिसले.

दुसऱ्या दिवशी एका स्थानिक वर्तमानपत्रात तो फोटो आला. खाली ओळ होती, दिव्यांग महिला कर्मचाऱ्याने सद्गदित होऊन मातृभाषेतून आभार मानले.

कार्यक्रमाच्या दिवशी परतताना रिक्षात अनुया आईकडे टक लावून पाहत होती. तिला मराठी कळायची, पण घरातली, जेवणाखाण्याची. शेवटी म्हणाली, "मम्मा, तू थँक यू नाही ना बोललीस?"

"नाही."

"मला वाटलंच. ते शिसारी... शिसारी मतलब काय?"

रुचिताने हिंदी शब्द शोधला. सापडेना. "चहात माशी पडली, आणि तू ती गिळून बसलीस. मग कसं होतं?"

अनुयाने तोंड वाकडं केलं. "घिन. घिन येते."

"हां," रुचिता म्हणाली. "घिन. लिहून दे मला तो शब्द."

तिने पुढचे चार दिवस, रोज सकाळी ताजं डोकं असताना, आपलं भाषण हिंदीत उतरवलं. अनुयाने मदत केली, गिर्राजने शुद्धलेखन तपासलं. हनुवटीला त्याच्या तीन टाके पडले होते. खाली तिने लिहिलं, कार्यक्रमात मी हे बोलले, आभार मानले नव्हते, कृपया कार्यालयीन नोंद दुरुस्त करावी. सही केली, आवक शिक्का मारून घेतला. शिक्का मारणारा गिर्राजच होता. त्याने नेहमीपेक्षा जरा जोरात मारला.

अभिजितने रात्री जेवताना तो कागद वाचला आणि ताट बाजूला केलं. "रुचिता, पगार चालू आहे, नोकरी आहे. लोकांना तेही मिळत नाही. कशाला वाकड्यात शिरायचं?"

"तू तिथं असायला हवं होतंस."

"मी असतो तरी काय केलं असतं?"

"तेच," ती म्हणाली, आणि उठून आत गेली. दोन दिवस तिला त्याच्याकडे बघवेना. त्याचं चुकत होतं असंही नाही. सात महिने त्याने तिला भरवलं होतं, न्हाऊ घातलं होतं, तो दमला होता. पण ऑफिसातला तो गुळगुळीतपणा आपल्या जेवणाच्या टेबलापर्यंत आलाय असं तिला वाटलं, आणि तिला ते सहन होईना.

आठवड्याने तिला पत्र मिळालं. आपले लिखाण मानसिक असंतुलन दर्शवते, सबब वैद्यकीय मंडळापुढे हजर व्हावे. मंडळ म्हणजे लांबलचक रांग आणि मग तीन डॉक्टर. एकाने तिला सरळ रेषेत चालायला लावलं. एकाने विचारलं, पंतप्रधान कोण? तिसरा फोनवर होता. साडेतीन मिनिटांत ती बाहेर. शेरा असा, सामान्य, कामास योग्य.

तेव्हा तिने माहितीच्या अधिकारात स्वतःची फाइल मागितली. ती मिळायला सव्वादोन महिने लागले. फाइल आली तेव्हा रुचिता ती घेऊन स्वयंपाकघरात बसली, पंखा बंद केला, आणि सतरा वर्षं जसे फॉर्म वाचले तशी ती वाचली. एकेक पान, एकेक ओळ. पान चौदावर सोगानींची टिपणी होती, कर्मचारी पूर्णतः सामान्य दिसते, स्वतंत्र खोलीची आवश्यकता नाही. पान एकतीसवर त्यांचीच दुसरी टिपणी, मेंदूला झालेल्या इजेमुळे कर्मचाऱ्याच्या म्हणण्याला महत्त्व देता येत नाही. आणि या दोहोंच्या मध्ये, पान बावीसवर, दिल्लीला पाठवलेला अहवाल, लाभार्थी गंभीर दिव्यांग, तिच्यासाठी विशेष उतार. खोली मागितली तेव्हा ती धडधाकट होती. फोटो हवा होता तेव्हा गंभीर. तोंड उघडलं तेव्हा वेडी.

तिने तिन्ही ठिकाणी पेन्सिलीने गोल केले. घृणा अजून होती, पण आता तिला हातात धरायला काहीतरी मिळालं होतं. तीन पानांच्या झेरॉक्स जोडून तिने अपंगांच्या हक्कांची दाद लावणाऱ्या आयुक्तांकडे तक्रार केली. तक्रारीत एकच वाक्य तिचं स्वतःचं होतं, बाकी कलमं गिर्राजने शोधून दिली. तिचं वाक्य असं, या तीन नोंदी एकाच माणसाच्या असू शकत नाहीत, म्हणजे हा फॉर्म त्या माणसाला न भेटताच भरलेला आहे. गिर्राजने आपला दहावा अर्ज आणि हनुवटीच्या टाक्यांचा कागद त्यालाच जोडला.

निकाल लागायला अकरा महिने गेले. त्या काळात तिला हॉलच्या अगदी मधोमध बसवलं होतं, जनरेटरकडे उघडणाऱ्या दारासमोर. कुणी काही लावून बोलत नसे. सगळे फार गोड बोलत. तेच तिला जास्त ओंगळ वाटे. मंगळवारी फराळाचं कुणी आणलं तर तिच्या टेबलावरही ठेवत, आणि पाठ वळली की एकमेकांना डोळ्यांनी खुणावत. ती तो फराळ गेटवरच्या कुत्र्यांना घालायची.

आदेश आला तेव्हा सोगानी तिथे नव्हते. त्यांना बढती मिळून ते चंदीगडला गेले होते. निरोप समारंभाला रुचिता गेली नाही. बढतीच्या प्रस्तावात त्यांच्या कामगिरीत उताराचा उल्लेख होता, असं गिर्राजने तिला सांगितलं.

आदेशाप्रमाणे उतार फोडला गेला. रुचिताच्या लेखी विनंतीवरून तो फक्त रविवारी-रविवारी फोडला आणि नव्याने बांधला, लांब, वळण घेतलेला, खरबरीत सिमेंटचा. दिसायला काही नाही. त्यावर फलक नाही. गिर्राज आता उभा वर येतो. पहिल्या दिवशी तो वर पोचून दाराशी थांबला, मागे वळून पाहिलं, आणि डोळे कुणाला दिसू नयेत म्हणून पटकन आत गेला.

रुचिताला खोली मिळाली, जुन्या फॉर्मांचं कोठार. आत उंदरांच्या लेंड्या, कबुतरांची घाण, ओलीचा वास. सफाईवाल्याला वेळ नव्हता. अभिजितने रजा टाकली. दोघांनी तोंडाला फडकी बांधून दोन दिवस ती खरवडली. अभिजित शिडीवर उभा राहून कबुतरांची विष्ठा काढत होता आणि मध्येच म्हणाला, "हे असलं देतात, आणि वर उपकार."

"आता आली ना तुला शिसारी?"

"आली," तो म्हणाला.

आता ती तिथे बसते. सकाळी साडेनऊ ते अडीच, त्याच्या पुढे डोकं चालत नाही आणि तेवढंच काम तिला लिहून दिलं जातं. दुपारी वीस मिनिटं सतरंजीवर आडवी होते. गेल्या तिमाहीत तिने टपरीवर भरलेले एकोणीस फॉर्म पकडले. गेल्या गुरुवारी दार वाजलं. नव्याने आलेला एक अधिकारी, तरुण, घाईत.

"मैडम, दो मिनट। वो सीकर वाला देख लीजिए, और दौसा की जो लिस्ट थी..."

"लिखकर दीजिए," रुचिता म्हणाली.

"अरे, दो ही तो बातें हैं।"

"लिखकर."

त्याने सुस्कारा टाकला आणि कागद आणायला गेला. जाताना व्हरांड्यात कुणाला तरी म्हणाला, "बड़े नखरे हैं," हलक्या आवाजात, पण तिच्या कानांना आता हलका आवाज असा उरलाच नव्हता. तिने उठून दार लावून घेतलं आणि समोरचा फॉर्म ओढला. बाडमेरचं घर होतं, माणसं सहा, म्हैस एक, आणि दूध विकत घेतल्याचं लिहिलेलं. तिने पेन्सिल उचलली.